भोपळ्या राजभाषा शिकतो

"आठ दिवसांत हत्तीला आमची नवी भाषा आली पाहिजे," रणधवल महाराजांनी हुकूम सोडला. "दसऱ्याच्या मिरवणुकीत त्याला मराठीत हाकताना कुणी दिसलं, तर हत्तीची रवानगी घाटाखाली, लाकडं ओढायला!"

हत्तीचं नाव भोपळ्या. माहुताच्या बायकोनं, सगुणीनं, त्याला पिल्लू असल्यापासून वाढवलेला. तो गेला तर घरातलं पोरच जाणार. नवरा दौलू तर कपाळाला हात लावून बसला तो बसलाच.

भाषा महाराजांनी स्वतः घडवली होती. ट, ठ, ड, ढ गावठी, म्हणून हाकलले. क, ख, ग घशात अडकतात, म्हणून काढले. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात, आणि राजाचं तोंड मिटता कामा नये! असं एकेक जाता जाता उरले य, र, ल, स, ह, न. भाषा कशी लोण्यासारखी मऊ झाली. आणि शब्द? आधी ऐकणाऱ्याचा मान, मग त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते, मग दिवस की रात्र, मग एकदाचं काम, आणि शेपटीला महाराजांचा जयजयकार. नुसतं 'थांब' म्हणायचं तर 'सिलेयानारीहलेरासेन'. पंडितांनी माना डोलावल्या. पगार चालू असला की मान आपोआप डोलते.

"अगं, एवढं म्हणेपर्यंत हत्ती शेजारच्या गावात पोचेल," दौलू म्हणाला.

"पोचू दे की. वर कोण बसलंय त्यावर आहे सगळं."

आठव्या दिवशी सगुणी दरबारात हजर. "सरकार, भोपळ्या शिकला. पण आमची जीभ पडली भाकरीवर वाढलेली, तिला तो मऊपणा येत नाही. त्याला तुमचाच आवाज पाहिजे."

महाराज फुलले आणि शिडी लावून थेट हत्तीच्या मानेवर बसले.

आता माहुताची विद्या तोंडात नसते, पायाच्या अंगठ्यात असते. कानामागे अंगठा दाबला की हत्ती चालतो, पाय काढला की थांबतो. हे सगुणीला ठाऊक, भोपळ्याला ठाऊक. महाराजांना कोण सांगणार?

महाराजांनी चालण्याचा लांबलचक शब्द उच्चारला आणि पडू नये म्हणून पाय गच्च आवळले. भोपळ्या निघाला.

"बघा, कळलं त्याला," महाराज खूश.

चौक गेला, हलवायाचं दुकान गेलं, पुढे तळं दिसलं. "सिलेयाना..." महाराजांनी सुरुवात केली. भीतीनं पाय आणखी आवळले, भोपळ्या आणखी पळाला. तेवढ्यात वळण आलं.

मागून धावणारा पंडित ओरडला, "महाराज, हत्तीचं तोंड दक्षिणेला झालं! 'याना' नव्हे, 'योना'!"

"सिलेयोना..." पुन्हा पहिल्यापासून. भोपळ्या तळ्यात शिरला आणि पायातल्या जोड्याला पाणी लागलं तसे महाराजांनी दोन्ही पाय वर ओढले आणि बोंब ठोकली, "अरे थांब रे बाबा!"

भोपळ्या जागच्या जागी उभा.

सगुणी आणि बाकीचे धापा टाकत काठावर पोचले. महाराज मिशी पुसत म्हणाले, "सगुणे, माझी भाषा शिकलाय म्हणालीस ना? मग माझ्या शब्दाला थांबला का नाही?"

"सरकार, शब्द पुरा कुठं झाला होता? राजाचा हत्ती तो. धन्याचं बोलणं अर्ध्यावर तोडून थांबेल होय? पुढचं ऐकायची वाट बघत चालला होता बिचारा."

महाराजांच्या मिशा थरथरल्या आणि पोट गदागदा हलायला लागलं. "माग, काय मागायचं ते."

"भोपळ्या इथंच राहू द्या. आणि नवी भाषा टाकू नका, सरकार. शिक्षेचे हुकूम तेवढे तिच्यातच द्या."

"ते का?"

"शब्द पुरा होईपर्यंत माणूस सुखरूप घरी पोचेल."

महाराज असे हसले, असे हसले की हत्तीवरून घसरून थेट तळ्यात. तिथूनच डोकं वर काढून म्हणाले, "दिलं!"