करंजखोऱ्यात घंटा का नाही

देवळात पाऊल टाकताच तुमचा हात सवयीने वर गेला आणि कशालाही न लागता खाली आला. तो का, हे तुम्ही कोणाला विचारलेत काय? या मारुतीपुढे घंटा नाही. या गावात बैलांच्या गळ्यात घुंगूरमाळा नाहीत, आणि आरतीसुद्धा केवळ टाळ्यांवर होते. देव रुसलेला नाही. माणसे चुकली होती.

करंजखोरे हे पूर्वी दोन वस्त्यांचे गाव होते, असे जुने लोक सांगत. एक वस्ती माणसांची, दुसरी वानरांची. पिकाचा रानाकडचा पहिला तास, म्हणजे पहिली ओळ, पेरावी, पण कापू नये. तो वानरांचा, अशी रीत होती. वानरांनी बदल्यात काय द्यावे, हे कोणी ठरवले नव्हते. तरी ती देत. सांजेला बिबट्या ओढ्याकडे उतरू लागला की खिंडीतल्या ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावरून टोळीचा हुप्या खाकरून इशारा देई. तो आवाज कानी पडताच बाया पाणवठा सोडीत, मुलांना आत ओढले जाई, दारे लागत. आवाज थांबून रान निवांत होईपर्यंत कोणी कडी काढीत नसे.

म्हाळोजी नावाच्या शेतकऱ्याला हा तास सलू लागला. माणूस कष्टाळू होता, व्यसनी नव्हता. पण आपल्या हातचे दुसऱ्याच्या तोंडी गेलेले त्याला पाहवत नसे. एका साली त्याचा हरभरा चांगला आला, तेव्हा त्याने वानरांचा तासही उपटून घरी नेला. मग वानरे पुढच्या तासात शिरली. म्हाळोजीने त्याला चोरी म्हटले.

शनिवारी देवळाच्या पायरीवर वानरे माणसाच्या तळहातावरचे चणे खात. हातावर खाणाऱ्याला धरू नये, हे तिथे लहान मुलालाही सांगावे लागत नसे. म्हाळोजीने चणे पुढे केले, आणि जवळ आलेल्या कोवळ्या वानराचे मनगट धरले. बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा त्याने चामड्याच्या वादीने त्याच्या गळ्यात आवळली आणि त्याला सोडून दिले.

पारावरची माणसे हसली, म्हणे. एकजण म्हणाला, "म्हाळोजी, वानराचं लगीन लावलंस की काय?"

"लगीन कशाचं? पाठवणी!" म्हाळोजी म्हणाला. "बघा आता, सगळं वऱ्हाड मागोमाग जातंय."

मारुतीचा पुजारी सिदबा गुरव मात्र हसला नाही. "मुक्या जिवाला त्याच्याच गणगोतातून उठवलंस. याचा जाब द्यावा लागेल."

"कुणाला, गुरवबाबा? माकडाला?"



ते पिल्लू आपल्या टोळीकडे धावले. घंटेच्या आवाजाने टोळी बिथरून पळाली. ते मागे धावले, तशी ती आणखी पुढे पळाली. या झाडावरून त्या झाडावर, या डोंगरावरून त्या डोंगरावर असे चालले. ते आईकडे जाई आणि आई त्याला पाहून पळे. काही दिवसांनी ते एकटेच देवळाच्या पायरीवर परत आले, कारण त्याच्यापासून न पळणारी अशी माणसेच तेवढी उरली होती. गुरवाने वादी कापली, चणे पुढे ठेवले. त्याने ते हुंगलेही नाहीत. तिथेच ते मेले. टोळी परत आली नाही.

पुढच्याच महिन्यात, सांजवेळी, बिबट्या निमूटपणे ओढ्यावर उतरला आणि कुंभाराची मुलगी घेऊन गेला. ऐनावरून कोणी इशारा दिला नव्हता. ऐन रिकामा होता.

गाव देवळात जमले. म्हाळोजीला हाकलून द्यावे, असे बहुतेकांचे मत पडले. गुरव म्हणाला, "हाकललात तर पहारा कोण करील? याने राखणदार घालवला, याने राखण करावी." तेव्हा निवाडा असा झाला, असे सांगतात, की वानरे परत येईपर्यंत म्हाळोजीने ऐनावर राहावे, बिबट्या दिसताच ओरडावे, एरवी तोंडातून शब्द काढू नये, आणि त्याच्याशीही कोणी बोलू नये. त्याच दिवशी गावाने आपल्या सर्व घंटा उतरवून डोहात सोडल्या, की त्या आवाजाचे भय रानातून निघून जावे.

म्हाळोजीने निवाडा मानला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. उन्हापावसात तो झाडावर राहिला. त्याची बायको सगुणा दुपारी बुंध्याशी भाकरी ठेवी, क्षणभर वर पाही आणि न बोलता फिरे. त्याने एकदाही खोटी हाक दिली नाही. त्या वर्षांत बिबट्याने माणूस नेला नाही. गावात चुली पेटत, सणवार होत, त्याच्या स्वतःच्या मुलीचे लग्न झाले. हे सर्व त्याने दुरून, फांद्यांतून पाहिले.

तो गेल्यानंतर वानरे परतली. आजही रानाकडचा पहिला तास कोणी कापत नाही, आणि गावात कोणी घंटा बांधत नाही. पाप एकाने केले. हसला मात्र सगळा पार होता.

म्हाळोजीचा शेवट असा सांगतात. पावसाळ्याच्या अखेरीस, सांजेला, ऐनाकडून ओरडण्याचा आवाज आला. नेहमीपेक्षा तो फार वेळ चालला. बायांनी पाणवठा सोडला, मुले आत आली, घरोघरी कड्या पडल्या. आवाज थांबला, तरी गावाने भीतीने उजाडेपर्यंत दार उघडले नाही. सकाळी माणसे खिंडीत गेली, तेव्हा म्हाळोजी बुंध्यापासून चार हातांवर मरून पडलेला होता. शेवाळलेल्या फांदीवरून पाय सुटून त्याची कंबर मोडली होती. ओल्या मातीत बिबट्याचे एकही पाऊल नव्हते. गावाच्या दिशेने खरडत गेलेल्या त्याच्या बोटांच्या खुणा तेवढ्या होत्या. तो माणसांना बोलावीत होता, आणि जसजसा तो हाका मारीत गेला, तसतशी दारे लागत गेली. त्यांत सगुणेचेही दार होते.