हौसाच्या पोरीची लस

"म्हणजे बुवा, तुम्ही गावाला सांगणार नाही?"

नारोपंतांनी पुन्हा तेच विचारलं. गिरीबुवा देवीच्या देवळाच्या पायरीवर बसून कडुलिंबाच्या डहाळ्या निवडत होते. गावात देवीची साथ होती आणि डहाळ्या पुरत नव्हत्या.

नारोपंत लहानपणी याच पायरीवर बुवांकडे वैद्यक शिकले. मग शहरात कंपनी सरकारच्या डॉक्टराकडे राहून देवी टोचायला शिकून आले. तेव्हापासून ते बोलायचे कमी आणि समजावायचे जास्त.

"काय सांगू?"

"की हा कोप नाही, रोग आहे. एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो. टोचून घेतलं की टळतो. इतकं साधं आहे."

"तू सांगितलंस ना?"

"घरोघर जाऊन. शहरातले दाखले दिले. दारं लावून घेतात तोंडावर! अडाण्यांशी काय डोकं फोडायचं?"

बुवांनी आणखी एक डहाळी निवडून बाजूला ठेवली.

"तुम्ही म्हणालात तर ऐकतील. देवीचा पुजारीच म्हणतोय म्हटल्यावर..."

"म्हणजे देवीचं भय घालवायला तुला देवीचाच पुजारी हवा."

नारोपंतांनी मान दुसरीकडे वळवली.

खालच्या आळीकडून वारा येत होता. देवी घरात आल्या की फोडणी द्यायची नाही, अशी तिकडची रीत. स्वयंपाकाची वेळ असूनही आळीतून फोडणीचा वास नव्हता. काल टोकाच्या घरातून तरी येत होता.

नारोपंतांच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. त्यांचं घर त्या आळीच्या मागेच होतं.

समोरच्या पारावर हौसा रामोशीण तान्ही पोर मांडीवर घेऊन बसली होती. नारोपंतांनीच पलीकडच्या गावी तिच्या पोरीला टोचून दोघींना इकडे आणलं होतं. टोचलेल्या पोराच्या दंडावर फोड पिकला की त्यातली लस काढायची आणि पुढच्या पोराला टोचायची, अशी तेव्हा पद्धत होती. इकडच्या उन्हाळ्यात बाटलीत लस टिकत नसे. ती माणसाच्या अंगातच टिके.

"फोड किती वेळ चालेल?" बुवांनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत. मग सुकेल. पुढचा दंड मिळाला नाही तर लस संपली. पुन्हा शहरातून येईस्तोवर..." नारोपंतांनी आळीकडे पाहिलं आणि वाक्य तसंच सोडलं.

"एक दंड पुरे?"

"आज एक पुरे. त्यावरून पुढे गावभर नेता येईल."

"मग आवडीचा घे."

आवडी ही नारोपंतांची एकुलती लेक.

"ती... ती लहान आहे अजून."

"हौसाची तिच्याहून लहान आहे."

"माझी आई ऐकायची नाही, बुवा. रामोशाच्या पोरीची लस आमच्या घरात..."

"आई म्हणते, की तू?"

हौसानं मान वर केली. "माज्या पोरीला टोचलंत तवा म्या न्हाई इचारलं, कुनाच्या अंगातलं हाय त्ये. लई भ्या वाटत हुतं. पर तुमी म्हनलासा, भ्यायाचं काय बी न्हाई. म्हून धरली तिला घट्ट."

ती रागानं बोलली नव्हती. नारोपंतांना तेच जास्त लागलं. ते पायरीवर बसले.

"खरं सांगू, बुवा? जातीचं नाही. म्हणजे... तेही आहे. पण क्वचित एखाद्या पोराला ताप चढतो तो उतरत नाही. मी लोकांना ते सांगत नाही. कितीतरी पोरं वाचतात, म्हणून सांगत नाही. पण मला आवडी एकच आहे."

नारोपंत बुवांच्या जवळ सरकले.

"तुम्ही फक्त एकदा म्हणा, तिला काही होणार नाही. लगेच टोचतो."

"मला कसं कळणार?"

"नसेल कळत! म्हणा तरी..."

बुवांनी डहाळ्या बाजूला ठेवल्या. पायऱ्या उतरून ते पारावर गेले आणि हौसाच्या शेजारी बसले, अगदी खेटून. मांडी घातली. दोन्ही हात रिकाम्या मांडीवर ठेवून नारोपंतांकडे बघत राहिले.

वारा येत होता, वास नव्हता.

नारोपंत उठले आणि घराच्या दिशेनं चालू लागले.

परतले तेव्हा आवडी त्यांच्या खांद्यावर होती. मागून त्यांची आई रडत, बोल लावत येत होती. तिचा आवाज ऐकून आळीतली दारं किलकिली झाली. बायका बाहेर आल्या, पण लांबच उभ्या राहिल्या.

नारोपंतांनी लेकीला बुवांच्या मांडीवर ठेवलं. हौसानं आपल्या पोरीचा दंड पुढे केला. सुईच्या टोकावर लस आली.

आवडीनं बापाकडे बघितलं आणि हसली.

सुई तिच्या दंडाजवळ आली आणि हवेतच हलू लागली. नारोपंतांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. मग दोन्ही हात हलू लागले. लांब उभ्या असलेल्या बायका एक एक पाऊल पुढे आल्या.

"बुवा, सगळे बघतायत... हात थरथरतोय माझा. थांबू जरा?"

बुवांनी आवडीची बाही आणखी वर सारली.

"थांबू नकोस. दुसऱ्यांच्या पोरांना टोचायला निघालास तेव्हा तो थरथरत नव्हता, म्हणून तर गाव भीत होतं."