आक्काला पेज भरवताना

"म्हणजे तुम्ही गादी नाकारणार, महाराज? या म्हातारीसाठी?"

चिदंबरनं हे विचारलं तेव्हा धुंडिनाथ महाराज त्याच म्हातारीला पेज भरवत होते. ती त्यांची थोरली बहीण, भागूआक्का. डोळे गेलेले, पाय गेलेले. पण डोकं शाबूत. नुसत्या आवाजावरून अख्खं गाव ओळखायची.

चिदंबर महाराजांचा पट्टशिष्य. हुशार, यात वाद नाही. त्या हुशारीचा त्रास त्याला स्वतःला कधी झाला नाही, एवढंच.

सकाळीच थोरल्या मठाचा निरोप्या आला होता. गादी रिकामी झाली आहे, महाराजांनी येऊन बसावं. अट एकच, रक्ताचं माणूस जवळ ठेवायचं नाही. आक्काची सोय कुठल्यातरी आश्रमात होईल. निरोप्या बाहेर ओट्यावर उत्तराची वाट बघत होता. महाराज गादीवर बसले की त्यांच्यामागून ती आपल्याकडे येणार, हे चिदंबरनं मनाशी धरून ठेवलं होतं. म्हणून तर त्याचा जीव खालीवर होत होता.

"नाकारणार," महाराज म्हणाले.

"लोक म्हणतील, एवढा मोठा संन्यासी आणि बहिणीच्या मायेत अडकला."

"बरोबरच म्हणतील."

चिदंबरनं बाहेर ओट्याकडे नजर टाकली.

"अजून काही?"

"मग इतकी वर्षं साधना केलीत ती कशासाठी?"

महाराजांनी आक्काच्या हनुवटीवरचा ओघळ पंच्यानं पुसला.

"हिच्याजवळ घाई न करता बसता यावं म्हणून. मला जे हवं होतं ते मिळालंय रे. आता कोण काढून घेतो ते बघतोच."

चिदंबरला हे मुळीच पटलं नाही.

"राग मानू नका, पण ही साधी माया झाली. ती तर घरोघरी असते."

"असते ना? मग तुलाही जमेल. धर."

महाराजांनी वाटी-चमचा त्याच्या हातात दिला. ही परीक्षा आहे हे चिदंबरनं ओळखलं. परीक्षेला तो कधी डरला नव्हता. मांडी घालून बसला, चमचा भरला आणि आक्काच्या ओठांशी नेला.

आक्कानं तोंड मिटून घेतलं.

"घ्या ना, आक्का."

"कोण रे बाबा तू?"

"मी... चिदंबर."

"कुठला?"

"इथलाच, आक्का."

आक्कानं त्याचं मनगट चाचपलं. ओळख काही पटली नाही.

"धोंड्या," तिनं हाक मारली. महाराजांना धोंड्या म्हणणारी आता ती एकटीच उरली होती. "अरे, पाहुणा आलाय. त्याला चहा तरी टाक."

चिदंबर कितीतरी वर्षं याच खोपीत राहत होता. त्याचं आसन आक्काच्या खाटेला लागून होतं.

त्याचा चेहरा लाल झाला.

"मी ध्यानात असतो," तो म्हणाला. "बोलत बसायला मला वेळ नसतो. म्हणून माझी साधना खोटी ठरत नाही."

"कोण म्हणतं खोटी? तुझ्यासारखी साधना माझ्याच्यानं झाली नाही."

महाराजांनी वाटी परत घेतली. आक्कानं लगेच तोंड उघडलं.

"निरोप्याला सांग, माझ्या जागी तू येतोयस. मी शब्द टाकतो."

चिदंबर उठून उभा राहिला.

"मी... गादीवर?"

"जा. तिथं सगळे लांबूनच पाया पडतात."