टिटवी आणि निशाणपथक

गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या एका गावाला मोठा मान होता. चैत्राच्या जत्रेत राजाच्या पालखीपुढे त्याच गावच्या मुली निशाणं नाचवत चालायच्या. अट एकच: पथक मध्येच थबकलं, की मान शेजारच्या गावाला. आदल्या वर्षी एकीची निशाणाची काठी निसटली आणि सगळ्याजणी खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. राजा म्हणाला, "यंदा सोडलं. पुन्हा नाही."

थंडी पडली तसं मुलींना शिकवायचं काम सगुणाकडे आलं. सगुणा हुशार होती, पण भारी धास्तावणारी. साधं भांडं पडलं तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. तिने नीट विचार करून हंगाम आखला. मार्गशीर्षात नुसती काठी धरायची, पौषात हात फिरवायचे, माघात गिरकी आणि फाल्गुनात उंच फेक.

पौषापर्यंत सगळं सुरळीत चाललं. माघात गिरक्या सुरू झाल्या आणि काठ्या पडू लागल्या. काठी पडली की सगुणा "अगं बाई!" म्हणत छातीवर हात ठेवायची, आणि पथकच्या पथक थांबायचं. तिने सराव वाढवला. काठ्या जास्तच पडू लागल्या.

"सगुणाताई, तुम्ही बघत नसता ना, तेव्हा माझी पडत नाही," तुळसा नावाची मुलगी म्हणाली.

"म्हणजे मी दृष्ट लावते होय गं?"

मुली खुदकन हसल्या. सगुणाला मात्र हसू येईना. मान गेला तर गावाला तोंड कसं दाखवायचं?

मुली घरी गेल्यावर ती माळावर एकटीच बसली. जवळच टिटवीची पिल्लं फिरत होती. सगुणाने पाय हलवला मात्र, टिटवी किंचाळली. पिल्लं होती तिथेच ढेकळांसारखी मातीला चिकटली.

"केवढ्याने ओरडतेस! घाबरले ना मी."

"मी दचकले की पिल्लांनी गोठून बसायचं," टिटवी म्हणाली. "त्यानेच जगतात ती. तूही तुझ्या मुलींना तेच शिकवतेस, रोज बघते मी. पण बाई, त्यांना गोठायचंय की नाचायचंय?"

सगुणा तो प्रश्न घेऊनच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मुलींसमोर काठी वर फेकली आणि मुद्दाम झेलली नाही. काठी धाडकन पडली. ती दचकलीच, पण पाय थांबू दिले नाहीत. तालावर वाकली, काठी उचलली आणि पुढची गिरकी घेतली.

"आता तुम्ही पाडा."

"मुद्दाम?" तुळसाचे डोळे मोठे झाले.

"मुद्दाम. आधी पाडायला शिकू, मग फेकायला."

निम्मा फाल्गुन पाडण्या-उचलण्यातच गेला. उंच फेकीला थोडेच दिवस उरले. पाटील कुरकुरले, "पाडायचं काय शिकवायचं असतं?" सगुणाला रात्ररात्र झोप लागेना, पण तिने बेत मोडला नाही.

जत्रेच्या दिवशी नेमका वारा सुटला. एकीची काठी निसटली, मग दुसरीची, मग तुळसाची. तिघी तालावर वाकल्या, उठल्या आणि पथक चालत राहिलं.

राजा शेजारी बसलेल्या राणीला म्हणाला, "हा वाकायचा डाव नवा दिसतो. छान आहे!"

मान गावातच राहिला. सगुणा तिन्ही वेळा दचकली होती, पण चालता चालता.

तात्पर्य: शिकवणाऱ्याची भीती शिकणाऱ्याच्या हातात उतरते, म्हणून चुकीनंतर पुढे कसं जायचं ते आधी स्वतः शिकावं, मग दुसऱ्याला शिकवावं.