रागावलेली बकुळा आणि आपोआप वाजणारा पियानो

डोंगराच्या कुशीत, निळ्या-जांभळ्या फुलांच्या गावात, बकुळा नावाची एक चिमुकली मुलगी राहत होती. तिच्या इवल्याशा घरात आठ दिवस नुसती पेज शिजत होती. कारण तिच्या आबांना कुणी काम देत नव्हतं.

आबा म्हणजे झिलू मेस्त्री. जुनेपुराणे, आपोआप वाजणारे पियानो दुरुस्त करावेत तर त्यांनीच! अशा पियानोच्या पोटात चामड्याचा भाता असतो आणि भोकाभोकांची कागदाची गुंडाळी असते. पायाने पेडल हलवलं की भाता श्वास घेतो, गुंडाळी फिरते आणि पांढऱ्याशुभ्र पट्ट्या आपल्या आपण नाचू लागतात. राणीसाहेबांच्या आजीचा मुका झालेला पियानो आबांनी सहा महिने खपून बोलता केला होता.

पण राणीसाहेबांच्या दिवाणजींना पाहुण्यांपुढे मिरवायचं होतं. त्यांनी पेडलवर धाडधाड पाय आपटले आणि भाता टर्रकन फाटला!

"मेस्त्रीनं कुजकं चामडं लावलं," दिवाणजी म्हणाले. आबांना हाकलून दिलं, हत्यारांची पेटीसुद्धा उचलू दिली नाही. पियानो राजवाड्याच्या बागेतल्या काचमहालात होता. बकुळाने बाहेरून, खिडकीतून सगळं पाहिलं होतं. ती सांगायला गेली, तर पहारेकऱ्याने दंडाला धरून तिला बाहेर काढलं.

आणि आज दुपारी त्या पियानोची लाकडं फोडायची होती.

बकुळा कुंपणातून आत शिरली. तिच्या नाकाचा शेंडा लालबुंद झाला होता. काचमहालात हिरवे, केशरी, गुलाबी कवडसे सांडले होते, पण तिला काही गोड दिसेना. तिने दाणकन पाय आपटला.

"अगं हळू! माझी पाकळी हलली ना!"

दाराशी कृष्णकमळाचा वेल होता. त्याच्या फुलातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे, झगा दवाचा.

"दोन इच्छा माग, बाळ. पण नियम ऐक. कुणाचं वाईट मागायचं नाही. आणि जे काम तू स्वतः सुरू करशील, तेवढंच मी पुरं करीन."

"दिवाणजींचा बेडूक कर!"

"ते वाईट झालं."

"मग तुझे नियम काय चुलीत घालायचे?" बकुळा ओरडली. "माझे आबा रोज भिंतीकडे तोंड करून बसतात!"

परी रागावली नाही. "मग कर सुरुवात," एवढंच म्हणाली.

बकुळाने तिथेच राहिलेली आबांची पेटी उघडली. तिच्याकडे मऊ चामड्याचा एकच बटवा होता, आईच्या आठवणीचा. तिने तो कापला. पण रागाच्या भरात तिने कात्री खसकन ओढली. पहिला तुकडा वाकडा गेला.

"राग टाकू नकोस, सोनुले," परी हळूच म्हणाली. "फक्त तो हातात उतरू देऊ नकोस."

बकुळाने ओठ घट्ट मिटले. दुसरा तुकडा हलकेच कापला, सरस लावला, फाटक्या जागी बसवला. "परीताई, हा वाळू दे." सोनेरी भुरभुर उडाली आणि ठिगळ भात्याशी एकजीव झालं.

तेवढ्यात कुऱ्हाडीवाले आले. मागून दिवाणजी, त्यांच्यामागून राणीसाहेब. बकुळाने खाली बसून दोन्ही हातांनी पेडल दाबलं. भात्याने श्वास घेतला. टिणटिण, झुळझुळ... सगळा काचमहाल गाऊ लागला!

राणीसाहेबांचे डोळे भरून आले. "हा कुणी दुरुस्त केला?"

"मीच करवून घेतला, सरकार!" दिवाणजी पुढे झाले.

बकुळाला नवा फ्रॉक मागता आला असता, टोपलीभर लाडू मागता आले असते. ती उठून उभी राहिली. "खोटं! भाता तुम्ही फाडलात. मी पाहिलं! परीताई, आता यांनाही खरं बोलू दे!"

"खरं बोलण्यात कुणाचं वाईट नाही," परी हसली.

दिवाणजींनी तोंड दाबून धरलं, तरी शब्द बाहेर पडलेच. "भाता मीच फाडला. मेस्त्रीचं चामडं अस्सल होतं."

राणीसाहेब बकुळाला घेऊन त्याच पावली तिच्या घरी गेल्या. उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "मेस्त्री, माझं चुकलं. हा काचमहाल आजपासून तुमची कार्यशाळा." आबा भिंतीकडून वळले. बकुळाने त्यांच्या गळ्याला मिठी मारली.

"आणि दिवाणजींना शिक्षा काय?" राणीसाहेबांनी विचारलं.

बकुळाचा राग अजून थोडा शिल्लक होता. "दर सोमवारी गावातल्या सगळ्या मुलांसाठी त्यांनी पेडल मारायचं. अनवाणी. आणि हळू!"

पुढच्या सोमवारी दिवाणजी घाम पुसत पेडल मारत होते आणि शंभर मुलं गिरक्या घेत होती. कृष्णकमळावरची परी उंच उडाली, रंगीत कवडशांत शिरली, आणि हिरवी, केशरी, गुलाबी होत होत नुसता उजेड होऊन गेली.

"हळू, दिवाणजी, हळू!" बकुळा ओरडली, आणि पहिल्यांदाच खुदकन हसली.