न पडणाऱ्याचा खळगा

हा खळगा नीट पाहून घ्या. तुमच्यातले निम्मे लोक याला ओलांडून फोटो काढायला ओढ्याकडे गेले, ते मी पाहिलंय. दोष त्यांचा नाही, दिसायला इथे काही नाहीच. चहूकडे जवाचं पीक आणि ओढ्याच्या कोपऱ्यात ही उघडी, मधोमध थोडी खचलेली तिकोनी जागा. इथे कुणी पेरत नाही. नांगरसुद्धा इथवर येऊन वळतो. याला आम्ही 'न पडणाऱ्याचा खळगा' म्हणतो. आत उतरायचं असेल तर तेवढे बूट काढा.

ओढ्याच्या अलीकडे वरचं गाव, पलीकडे खालचं. मी मालसुक, खालच्या गावची. पूर्वी इथे शेत नव्हतं, मैदान होतं, असं सांगतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी दानोचा सण येतो. त्या दिवशी दोन्ही गावं इथे जमायची आणि तेक्क्योन खेळायची. तेक्क्योन म्हणजे नुसती लाथाळी नव्हे. जमिनीवर तिकोनात मानलेल्या तीन ठिपक्यांवर पाय टाकत झुलायचं, बघणाऱ्याला वाटावं नाचच चाललाय. मग 'इख!' असा हुंकार द्यायचा आणि समोरच्याच्या पायात पाय अडकवून त्याला लोळवायचं. लोळवायचं, मोडायचं नाही.

आणि एक नियम. आपला एक पाय समोरच्याच्या आवाक्यात ठेवलाच पाहिजे. या नियमाला 'देजप' म्हणतात. देजप म्हणजे पाहुणचार. पाहुण्यापुढे ताट ठेवावं तसा प्रतिस्पर्ध्यापुढे पाय ठेवायचा, घे म्हणायचं. पाय चोरून मागे मागे सरणाऱ्याला त्याच्याच गावचे लोक हसायचे.

वरच्या गावात दोल्स्वे नावाचा शेतकरी होता. तो आयुष्यात कधी पडला नव्हता, म्हणे. उंच उडी घेऊन समोरच्याची टोपी पायानं अलगद उडवायचा आणि मांजरासारखा जमिनीवर यायचा. त्याच्या तोडीचा एकच गडी, आमच्या खालच्या गावचा मान्सिक. मान्सिकचा डावा पाय कुठून येई ते कळायचं नाही. दर दानोला दोघं भिडायचे, निकाल लागायचा नाही, आणि संध्याकाळी एकाच चटईवर बसून प्यायचे. दोल्स्वे म्हणायचा, "मला पाडलंस तर तूच पाडशील." मान्सिक म्हणायचा, "पुढच्या वर्षी."

आमच्या कोरियावर तेव्हा जपानचं राज्य होतं. महायुद्ध जवळ आलं तसा जाच वाढला आणि चार माणसांनी एकत्र जमणंही गुन्हा झाला. एका दानोला दोन्ही गावं चोरून खेळली. ठाण्यावरचा फौजदार आला आणि तरण्या पोरांना बांधून नेऊ लागला. तेव्हा दोल्स्वे आडवा आला. फौजदार म्हणाला, "तू गावासमोर शपथ घे. पुन्हा कुणावर पाय उचलणार नाहीस. मग सोडतो यांना."

दोल्स्वेनं त्या समोरच्या झाडाला हात लावून शपथ घेतली. पोरं सुटली. फौजदारानं मैदान नांगरायला लावलं आणि वर हुकूम दिला, इथे जव पेरा. उभ्या पिकात कोण खेळणार, असा त्याचा हिशेब. काही दिवसांनी मान्सिकला दूरच्या खाणीत कामाला नेलं. तो परत आलाच नाही.

लोक दोल्स्वेला म्हणाले, "अहो काका, त्या माणसाला दिलेला शब्द कसला पाळता? शिकवा पोरांना गुपचूप."

तो म्हणाला, "शब्द त्याला दिला, पण ऐकला तुम्ही."

आता जवाचं एक ऐका. कडक थंडीत बर्फामुळे माती फुगून वर येते आणि कोवळ्या रोपांची मुळं अधांतरी लटकतात. म्हणून थंडी सरताना सगळ्या गावानं शेतात उतरून रोपं पायांनी तुडवायची असतात. तुडवलेला जवच मूळ धरतो. हे काम कुठलंही सरकार बंद करू शकत नाही, कारण जव सरकारलाही खायचा असतो.

तर त्या वर्षी तुडवणीला दोल्स्वे सगळ्यांच्या पुढे उभा राहिला आणि तीन ठिपक्यांवर पाय टाकू लागला. मागची रांग त्याच्यासारखी झुलू लागली. या कोपऱ्यात आला की तो थांबायचा आणि एक पाय पुढे करायचा. देजप. लाथ मारणं त्याला बंद होतं, खाणं बंद नव्हतं. जवळचा कुणी पोरगा झुलता झुलता त्याच्या पायात पाय घालायचा आणि कधीच न पडलेला दोल्स्वे गारठलेल्या मातीत धप्पकन पडायचा. मग उठायचा, हळूच सांगायचा, "टाच नको, चवडा," आणि पुन्हा पाय पुढे करायचा.

फौजदार रस्त्यावरून बघायचा आणि पोट धरून हसायचा. "तुमचा म्हातारा फार पडतो रे!" बाजारात परगावची माणसंही त्याला हसू लागली. ज्याच्या नावानं पैजा लागायच्या, त्याला लोक आता कोलमड्या म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा. दर वर्षी पडून पडून त्याचं कंबरडं गेलं, एक पाय ओढत चालू लागला. त्याच्या पडण्यानंच हा खळगा झाला, असं सांगतात. मला विचाराल तर मातीपेक्षा त्या माणसाला जास्त खळगे पडले असतील.

पण त्याच्या जिवाला घोर वेगळाच होता. वरच्या गावची पोरं शिकत होती, खालच्या गावाचं काय? मान्सिक गेला, त्याच्या जोडीचे गेले. बायकोला तो म्हणायचा, "समोर कुणी नसेल, तर मी पाय पुढे कुणासाठी करतोय?"

आमच्या गावच्या बायका मजुरीनं इकडे तुडवणीला यायच्या. त्यांत मान्सिकची बायको बुन्न्येही असायची. सगळ्यात शेवटी, खाली मान घालून. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

जपानचं राज्य गेलं. पुढच्या दानोला लोकांनी पिकत आलेल्या जवाचा हा कोपरा कापून मोकळा केला. ढोल आला. दोन्ही गावं आली, पण आमच्या बाजूनं खेळायला कुणी उभं राहिना. दोल्स्वे पाय ओढत मधे आला. लोक ओरडले, "काका, आता शपथ संपली! दाखवा टोपी उडवून!" त्यानं मान हलवली. आमच्या गावाकडे तोंड केलं आणि पाय पुढे ठेवला.

समोर कुणी नव्हतं. आमची माणसं जमिनीकडे बघत राहिली. ढोल थांबला. दोल्स्वे पाय पुढे ठेवून उभाच, म्हणे. पाय मागे घेईना.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक मुलगी निघाली. दुधाचे दात पडण्याच्या वयाची. तीन ठिपक्यांवर झुलत झुलत आली, "इख!" म्हणाली, आणि कुठून आला कळायच्या आत तिचा डावा पाय त्याच्या घोट्यात बसला.

दोल्स्वे पडला आणि उठेना. तोंडावर दोन्ही हात. लोक धावले, त्यांना वाटलं हाड मोडलं. हात बाजूला केले तर म्हातारा रडत होता आणि हसत होता. त्यानं मुलीला विचारलं, "कुणी शिकवलं गं?"

ती म्हणाली, "कुणी नाही. आई जव तुडवते तसं केलं."

"आणि हा डावा पाय?"

"तो आईनं घातला. बाबांचा आहे म्हणाली."

दोल्स्वे बराच वेळ आभाळाकडे बघत पडून राहिला. मग म्हणाला, "पाडलंस रे शेवटी."

ती मुलगी माझी आई. तिच्या म्हातारपणी मी तिला कितीदा विचारलं, "खरं सांग, तू पाडलंस की तेच पडले?" ती म्हणायची, "मलाही कधी कळलं नाही." ही गोष्ट सांगताना मला दर वेळी बुन्न्येआजीचीच आठवण येते. खाली मान घालून ती इतकी वर्षं काय बघत होती, ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

आजही दानोच्या सकाळी म्हातारं माणूस पडल्याशिवाय इथे खेळ सुरू होत नाही. एका गावातलं सगळ्यात वयस्कर माणूस या खळग्यात पाय पुढे करून उभं राहतं आणि दुसऱ्या गावातलं सगळ्यात लहान पोर येऊन त्याला पाडतं. पाडलं की पडलं, हे विचारायचं नसतं.

यंदा पाळी माझी आहे. डॉक्टर नको म्हणतो. त्याला म्हटलं, तू फौजदाराच्या वर झालास का? खाली पेंढा टाकलाय. तो बघा, ढोलवाला खुणावतोय, आणि ती वरच्या गावची चिमुरडी केव्हाची चप्पल काढून उभी आहे. चला, माझी काठी धरा. आणि हो, मी पडले की लगेच हात द्यायला धावू नका. इथे थोडा वेळ पडून राहायचं असतं.