पाटलांच्या हातची शेपटी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. माणसं तेव्हाही अशीच होती, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं. आणि आधीच सांगतो, ही गोष्ट मला शांतपणे सांगता येत नाही. ज्यांना गोड गोष्ट हवी असेल त्यांनी खुशाल उठावं.

एका खोल दरीच्या काठावर एक गाव होतं आणि दरीपलीकडे एक वाडी. मध्ये दोरांचा झुलता पूल. एका उन्हाळ्यात वणवा लागला आणि पूल जळून गेला. दरीत उतरायला वाट नाही, वळसा घालावा तर डोंगरामागून डोंगर. पलीकडची हाक अलीकडे ऐकू यायची, पण शब्द कळायचे नाहीत.

गावात राही नावाची सुतारीण होती. हात सोन्याचा आणि जीभ तिखटाची. तिची एकुलती एक लेक भागू पलीकडच्या वाडीत दिली होती. भागूचे दिवस भरत आले होते, आणि वाडीत सुईण नव्हती. सुईण म्हणजे चिमाआत्या, ती अलीकडे, राहीच्याच गावात. वाडीत कुणाच्या घरी कळा सुरू झाल्या की दरीकाठच्या आंब्यावर लाल लुगडं बांधायचं आणि ते पाहून चिमाआत्यानं पूल ओलांडायचा, अशी जुनी रीत होती. आता लुगडं दिसलं तरी जायचं कुठून?

राहीनं डोकं चालवलं. बैलगाडीएवढा लाकडी पक्षी करायचा, त्याच्या पायाला लांब रेशमी दोरा बांधायचा आणि दुपारच्या वाऱ्यावर त्याला पलीकडे सोडायचं. दोरा पोचला की त्याला सुतळी, सुतळीला दोर, दोराला झोळी. आणि झोळीत चिमाआत्या.

राही कामाला लागली. कामट्यांचे पंख केले, त्यावर कापड ताणलं, कापडावर चिंचोक्याची खळ फासली. पक्ष्याच्या पोटात बोकडाच्या कातड्याचा पातळ पडदा बसवला. खालून बारीक शिट्टी मारली की शेपटीची फळी डावीकडे वळे, जाड शिट्टी मारली की उजवीकडे. कसं ते मला विचारू नका, मी सुतार नाही. शिट्टी मारायची राहीच्या नवऱ्यानं, केरोबानं. केरोबा अगदी गरीब स्वभावाचा. शिट्टीखेरीज मोठा आवाज त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता.

पक्षी एवढा मोठा झाला की शेपटी लावली तर दारातून बाहेर निघेना. म्हणून शेपटी माळावर, सगळ्या गावासमोर लावायचं ठरलं. इथंच माशी शिंकली.

कारण गावासमोर म्हटलं की मान आला, आणि मान आला की रुसवा आला. चोच बसवताना आपल्याला बोलावलं नाही म्हणून पाटील आधीच फुगून बसले होते. पंच राहीकडे आले. म्हणाले, "शेपटी तेवढी पाटलांच्या हातून बसू दे. मोठा माणूस आहे, मान राहील."

"मान द्यायचा तर पाट द्या, विडा द्या," राही म्हणाली. "शेपटी कशाला?"

केरोबा हळूच म्हणाला, "अगं, लावू दे की हात. एवढ्यानं काय होतंय?"

एवढ्यानं काय होतंय! या तीन शब्दांनी जितकी घरं बुडवली, तितकी पुरानंही बुडवली नसतील.

मुहूर्ताच्या सकाळी माळ माणसांनी भरला. इतक्यात कुणीतरी ओरडलं, "आंब्यावर लाल लुगडं!" सगळ्यांनी पलीकडे पाहिलं. भागूच्या कळा सुरू झाल्या होत्या.

राहीनं सरस चुलीवर ठेवला. लाकडं जोडायचा सरस कसा असतो ठाऊक आहे ना? कढत आहे तोवर सांधा हवा तसा हलवून घ्या. गार झाला की दगड. सरस कढला, पण पाटील आले नाहीत. पाटलांची पगडी मनासारखी बसत नव्हती. सरस आटला. राहीनं पाणी घालून पुन्हा कढवला. अखेर पाटील आले. मग नारळ झाला, आरती झाली, मग पाटील दोन शब्द बोलले. पाटलांचे दोन शब्द म्हणजे ऊन डोक्यावर येईपर्यंत.

"हं, लाव आता सरस," पाटील म्हणाले. राहीनं लावला. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शेला घालायला पुढं आलं आणि पाटील तिकडे वळले.

"पाटील, सरस गार होतोय!"

"थांब गं. घाई करणाऱ्याचंच काम बिघडतं," पाटील हसून म्हणाले, आणि लोकही हसले.

मग त्यांनी शेपटी उचलली, खुंटीवर टेकवली, वरून एक थाप मारली आणि हात जोडून लोकांकडे तोंड केलं. टाळ्या पडल्या. बायकांनी लगेच सांध्याला हळदकुंकू वाहिलं.

राहीनं टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. तिनं एक दोरी घेतली. चोचीपासून शेपटीच्या उजव्या टोकापर्यंत ताणली, मग चोचीपासून डाव्या टोकापर्यंत. दोन बोटांचा फरक पडला.

"वाकडी बसली," ती म्हणाली. "मोडते आणि पुन्हा लावते."

पंच पुढं सरसावले.

"शुभ बोल गं बाई!" एक पंच म्हणाला. "कुंकू लागलेलं मोडतात का कधी?"

"आणि सांध्याला जवभरच तर वाकडी आहे," दुसरा म्हणाला. "दिसतसुद्धा नाही."

"सांध्याला जवभर, टोकाला दोन बोटं, आणि दरी ओलांडेस्तोवर शेतभर!" राही कडाडली. "डोळे फुटले का तुमचे?"

"राही, तोंड आवर. पाटलांच्या हातची शेपटी आहे ती."

"पाटलांच्या हातची असो नाहीतर देवाच्या. वाकडी ती वाकडी!"

पाटील काही बोलले नाहीत. त्यांना कळलं नसेल असं म्हणू नका. राही दोरी ताणत होती तेव्हा ते दोन हातांच्या अंतरावर उभे होते. फरक त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पाहिला, आणि शेला नीट केला.

मला संताप येतो तो इथं. सगळ्या गावाला दिसत होतं. लहान पोरांनाही दिसत होतं. दरीपलीकडे लाल लुगडं फडफडत होतं, आणि या लोकांना काळजी कसली, तर पाटलांना काय वाटेल!

राहीनं हातोडी उचलली. तिचा हात धरला तो केरोबानं. "अगं, गावाशी वैर घेऊन राहायचंय का आपल्याला? मी शिट्टीनं घेईन सांभाळून."

राहीनं हातोडी खाली टाकली. तिचं चुकलं का? चुकलं. पण तिच्या मनगटावर नवऱ्याचा हात होता आणि समोर अख्खं गाव. तुम्ही असतात तर काय केलं असतं, ते आधी छातीवर हात ठेवून सांगा.

दुपारी वारा सुटला. पक्षी सोडला. थोडं अंतर तो सरळ गेला, मग डावीकडे झुकायला लागला. केरोबानं जाड शिट्टी मारली. शेपटीची फळी उजवीकडे वळली, पक्षी डावीकडेच. केरोबानं गाल फुटेस्तोवर शिट्टी मारली. फळी होती नव्हती तेवढी वळली, तरी पक्षी डावीकडेच. पलीकडे वाडीचे लोक हात वर करून उभे होते. त्यांच्यापासून कितीतरी दूर तो कड्यावर आदळला आणि खाली लोंबकळला. पंख फाटला. शेपटी मात्र जागची हलली नाही. राहीचा सरस पक्का होता.

दोऱ्यानं ओढून पक्षी परत आणला. आता गावाच्या माना खाली गेल्या असतील, असं वाटतंय ना तुम्हाला? अहो, कसल्या जाताहेत! पंच म्हणाले, "शुभकार्यात ही बाई अभद्र बोलली, म्हणून पडला." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकलंत? शेपटी वाकडी होती म्हणून नाही पडला, कुणीतरी वाकडी म्हणालं म्हणून पडला!

वारा थांबला, तो आता दुसऱ्या दुपारीच सुटणार होता. आंब्यावरचं लुगडं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच राही माळावर आली. फाटलेला पंख तिनं शिवला, त्यावर खळ फासली, आणि शेपटीचा सांधा सोडवायला पाणी तापवलं. तेवढ्यात पाटील आले, मागे पंच.

"आधी शांती करावी लागेल," पाटील म्हणाले. "मग नवा मुहूर्त काढू. आणि शेपटी पुन्हा आमच्याच हातून बसली पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, पाटलांचा हात अशुभ."

राही तोंड उघडणार, तोच दुसरंच कुणी ओरडलं. केरोबा ओरडला.

"व्हा बाजूला!"

पंच दचकले. हा आवाज कुठून आला ते त्यांना आधी कळलंच नाही.

"माझी पोर कालपासून तिकडे कळा सोसतेय, आणि तुम्हाला तुमच्या हाताची पडलीय? एक पाऊल पुढं टाका, पाटीलबिटील काही बघणार नाही मी!" तो बायकोकडे वळला. "काल तुझा हात मीच धरला. मोड तू. मोड ती शेपटी!"

राहीनं कढत पाणी ओतलं, सांध्यात पटाशी घातली आणि कुंकवासकट शेपटी उचकटून काढली. नवा सरस लावला. दोरीनं उजवं टोक मापलं, डावं टोक मापलं, केसभरही फरक नव्हता. मग सरस गार होईपर्यंत दोघांनी दोन बाजूंनी ती धरून ठेवली. आरती नाही, टाळ्या नाहीत. पाटील आणि पंच लांब उभे राहून पाहत होते.

दुपारी वारा सुटला. पक्षी असा सरळ गेला, की केरोबाला एकदाच शिट्टी मारावी लागली. पलीकडच्या माणसांनी त्याला झेलला. दोऱ्यामागून सुतळी गेली, सुतळीमागून दोर गेला. झोळीतून आधी चिमाआत्या गेली. मग राही झोळीत बसली, तर मागून कुणीतरी म्हणालं, "शेवटी पाटलांची पुण्याई!"

भागू वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती. चिमाआत्यानं तिला हातात घेतलं तेव्हा तिचं अंग अजून कोमट होतं. आत्या रडत म्हणाली, "काल पोचले असते तर हिला जिवंत काढली असती गं मी."

राही गावात परतली ती घर आवरून सामान बांधायला. बायका आल्या, म्हणाल्या, "देवाची मर्जी." राही म्हणाली, "देवाच्या नावावर घालाल तर याद राखा." बायका निघून गेल्या.

संध्याकाळी पाटील आले. डोक्यावर पगडी नव्हती. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"राही, माझं चुकलं. शेपटी वाकडी बसली होती. मला तेव्हाच दिसलं होतं."

राहीनं बोचकं खाली ठेवलं.

"आज मला कशाला सांगता, पाटील? मला तेव्हाही ठाऊक होतं. हे माळावर म्हणायचं होतं, सगळ्यांसमोर. 'वाकडी बसली, मोड.' एवढंच म्हणायचं होतं तुम्ही. सरस पुन्हा कढायला कितीसा वेळ लागतो? एवढं बोलला असतात, तर आज माझ्या लेकीच्या पदराखाली पोर असती."

राही आणि केरोबा गाव सोडून लेकीच्या वाडीला गेले, ते परत आलेच नाहीत. पाटलांना गावानं पुढंही पाट दिला, विडा दिला, पण पाटील कुठल्या कार्याला गेले नाहीत. आणि त्या गावात आजही नांगर वाकडे निघतात, दारं कुरकुरतात, छपरं गळतात, आणि जो तो दुसऱ्याला म्हणतो, "वा, झकास झालंय!" कारण वाकडं आहे म्हणणारी एकच होती, आणि तिला त्यांनी घालवली.

म्हणून लहानथोरांनो, नीट ऐका: मोठ्यांचा मान राखायला झाकलेली चूक लहानांच्या जिवावर उठते.